ताईंचे सरडे

माझ्या नणंदेला गल्लीतली मुलं सरडेबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ताईंचे कान तिखट. ऐकू गेलं की त्या गर्रकन वळायच्या आणि जीभ बाहेर काढून लपलप करून दाखवायच्या. मुलं किंचाळत पळत सुटायची, आणि ताई जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पिशवी सावरत घराकडे निघायच्या.

त्या एका संशोधन संस्थेत कामाला होत्या. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मेंदूवर तिथे अभ्यास चालतो. ताई काही शास्त्रज्ञ नव्हेत, त्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस. सरड्यांना खाऊ घालायचं, त्यांच्या काचेच्या पेट्या धुवायच्या, वरच्या दिव्यांची ऊब कमीजास्त होऊ द्यायची नाही, आणि प्रयोगाच्या वेळी एकेकाला रेकॉर्डिंगच्या पेटीत बसवून पडद्यावर उमटणाऱ्या मेंदूच्या रेघेवर नजर ठेवायची. सरडे म्हणजे कुंपणावर मान हलवणारे नव्हेत. हातभर लांब, दुभंगलेल्या जिभेचे, घोरपडीच्या भावकीतले. ताईंचा त्यांच्यावर फार जीव. लग्नाचं जमता जमता राहिलं आणि मग त्यांनीच तो विषय मिटवून टाकला. घरात त्या आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, असे दोघंच. आम्ही दोघं माझ्या नवऱ्याच्या नोकरीसाठी दुसऱ्या गावी. सुट्टी मिळाली की तिकडे जायचो.

बाबा सुतार. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याचं छप्पर घातलेलं त्यांचं वर्कशॉप होतं. वयाने थकले तरी सकाळी चहा झाला की ते मागच्या दाराने बाहेर पडायचे आणि जेवायला हाक मारल्याशिवाय परतायचे नाहीत. माणूस बोलका, खवय्या, आणि चेष्टेखोर. मी नवी नवरी म्हणून घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, नाक वर करून म्हणाले होते, "सूनबाई, कांदा जरा जास्त परतला गेलाय, पण घाबरू नकोस, मी कुणाला सांगत नाही." आणि मग घरभर सांगत सुटले होते.

तर हे बाबा एकदा एका घरी माळ्याची दारं बसवायला गेले आणि शिडीवरून मागच्या मागे पडले. डोक्याचा मागचा भाग फरशीवर आपटला. दवाखान्यात नेलं, डोक्याचे फोटो काढले, रक्तस्राव नाही म्हणाले. काही दिवस डोकं ठणकत राहिलं, मग तेही थांबलं. बाबा घरी आले. थोडक्यात निभावलं म्हणून आम्ही सगळे सुटकेचा निःश्वास टाकून आपापल्या कामाला लागलो.

पण घरी आलेले बाबा वेगळे होते.

पहिली कुरबुर जेवणावरून सुरू झाली. "कशाला काही चव नाही," असं म्हणून ते ताट अर्धं सोडून उठायचे. कधी मीठच मीठ घालून घ्यायचे. ताई दिवसभर उभं राहून काम करून यायच्या, त्यावर स्वयंपाक करायच्या, आणि समोर हे. त्यांना लागायचंच. "आयुष्यभर माझ्या हातचं मिटक्या मारत खाल्लंत, आता काय झालं?" त्या विचारायच्या. मग इतर गोष्टी दिसायला लागल्या. घामेजलेला सदरा चार दिवस अंगावर तसाच. फ्रिजमधलं नासलेलं दूध कपात ओतून घेतलं आणि निम्मं प्यायल्यावर तोंड वाकडं केलं. वर्कशॉपमध्ये जाणं कमी झालं. गेले तरी काम नाही, स्टुलावर बसून राहायचे. हातातली लाकडाची ढलपी उगाच उलटीपालटी करायची आणि टाकून द्यायची.

डोक्याला मार लागलाय, बाबांचं काहीतरी बिनसलंय, विसराळूपणाचा आजार सुरू होतोय की काय, या काळजीने ताई हवालदिल झाल्या. बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी साल विचारलं, वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावलं. बाबांनी सगळं बिनचूक सांगितलं, वर म्हणाले, "आता मी एक विचारू? तुमच्या टेबलाचा हा पाय सैल झालाय, कुणी बघितला का?" डॉक्टर हसले. वय झालंय, पडल्यामुळे मनाने धास्ती घेतलीय, गोळ्या देतो, म्हणाले. ताईंनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांना मिळाली. बाबांना मात्र कुणी काही विचारलंच नाही, आणि बाबांनी आपण होऊन सांगितलं नाही.

याच काळात ताईंच्या प्रयोगशाळेत मोठा प्रयोग चालू होता. वासाचा सरड्याच्या मेंदूवर काय परिणाम होतो, हा तिथल्या शास्त्रज्ञ मॅडमचा विषय. आम्ही सुट्टीला गेलो होतो तेव्हा जेवताना ताई तेच सांगत होत्या. कामाबद्दल बोलायला लागल्या की त्यांचा दिवसभराचा शीण कुठल्या कुठे जायचा.

"सरड्याची जीभ म्हणजे त्याचं दुसरं नाक," त्या म्हणाल्या. "हवेतले, जमिनीवरचे कण जिभेने टिपायचे आणि टाळूतल्या दोन बारीक भोकांपाशी नेऊन पोचवायचे. तिथून खबर मेंदूत. सरडा नुसता पडून असतो ना, तेव्हा पडद्यावरची रेघ कशी संथ चाललेली असते. पण अंड्याचा वास सोडला की बघा! लाटांवर लाटा उठतात. आणि त्या नाकाच्या जवळच्या भागातच उठतात असं नाही, थेट मागेपर्यंत. सगळा मेंदू कान टवकारून बसतो म्हणा ना."

"आणि वासच नाही आला तर?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"तेच चाललंय सध्या. काहींच्या नाकपुड्यांत मेणाचा बोळा घालून ठेवलाय, टाळूची भोकंही बंद केलीत. त्यांची रेघ एकदम मरगळते. समोर अंडं ठेवलं तरी जीभ बाहेर काढत नाहीत. एक तर इतका ऐदी झालाय, मी त्याचं नाव आळशी ठेवलंय."

बाबा इतका वेळ खाली मान घालून जेवत होते. त्यांनी विचारलं, "मग तो दिवसभर करतो काय?"

"काही नाही. दिव्याखाली बसून राहतो."

"भूक लागत नाही त्याला?"

"लागत असेल. पण खायची वस्तू ही आहे, हे त्याच्या मेंदूला कुणी सांगतच नाही ना."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "बोळा काढला की येतं का पूर्ववत?"

"लगेच! अहो, बोळाच तो. आणि सरड्यांचं काय सांगू, त्यांच्यातल्या काहींची वासाची नस तुटली तरी पुन्हा वाढते, म्हणतात मॅडम."

"आणि माणसाची?"

"माणसाची कुठली!" ताई पाण्याचा तांब्या घ्यायला उठता उठता म्हणाल्या. "माणसाची तुटली की तुटली."

बाबा उठले. हात धुऊन खोलीत गेले. ताटात निम्मं अन्न तसंच होतं. ताईंनी माझ्याकडे बघून हात उडवले. "बघ, हे असं रोजचं आहे."

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत वर्कशॉपला आग लागता लागता राहिली. त्या दिवशी संध्याकाळी बाबांनी पुष्कळ दिवसांनी काम काढलं होतं. एका शेजाऱ्याच्या खुर्चीचा हात निखळला होता. त्यांनी लाकूड चिकटवायचा सरस वितळवायला छोट्या शेगडीवर भांडं ठेवलं आणि पाठ करून खुर्चीला घासपेपर मारत बसले. भांड्यातलं पाणी आटलं, सरस करपला, आणि बाजूच्या भुशाच्या ढिगाने धुमसायला सुरुवात केली. ताई नुकत्या कामावरून येत होत्या. फाटकातच त्यांना जळका वास आला. धावत मागे गेल्या तर छपराखाली धूर कोंडलेला, आणि बाबा त्या धुराकडे पाठ करून शांतपणे घासपेपर मारतायत.

बादलीभर पाणी ओतून त्यांनी भुसा विझवला. मग त्यांचा तोल सुटला. भीतीने सुटला, हे त्यांना नंतर कळलं. तेव्हा तो रागच होता.

"मला फाटकात वास आला, बाबा! फाटकात! आणि तुम्ही इथे, हाताच्या अंतरावर! तुम्हाला वास नाही आला?"

बाबांनी तोंड उघडलं. मग म्हणाले, "लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं! उद्या घर पेटवाल आणि म्हणाल लक्ष नव्हतं. मी तिकडे कामावर असते, जीव टांगणीला लागलेला असतो माझा."

त्याच आठवड्यात ताईंनी सगळं ठरवून टाकलं. वर्कशॉपमधली यंत्रं आणि बहुतेक हत्यारं ओळखीच्या एका तरुण सुताराला देऊन टाकली. छपराखालच्या जागेला कुलूप लागलं. आणि बाबांना आमच्याकडे पाठवायचं ठरलं. मी दिवसभर घरी असायची, त्यामुळे त्यांच्यावर कुणाची तरी नजर राहिली असती. बाबांनी कशालाच विरोध केला नाही. तो तरुण टेम्पो घेऊन आला तेव्हा बाबा स्वतः बाहेर येऊन कुठलं यंत्र कसं उचलायचं ते त्याला सांगत होते. ताई म्हणतात, ते एकदा तरी भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत, म्हणजे त्यांना काही वाटत नाही, असाच अर्थ ताईंनी घेतला.

आमच्याकडे बाबा पाहुण्यासारखे राहिले. स्वयंपाक चालू असला की दारात येऊन विचारायचे, "आज काय केलंस?" लसणाच्या फोडणीचा घमघमाट जिन्यापर्यंत गेलेला असायचा, तरी विचारायचे. म्हातारा माणूस, बोलायला निमित्त शोधतोय, म्हणून मी सांगायची. ते "अस्सं" म्हणायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. वजन उतरत गेलं. सदरे खांद्यावरून घसरायला लागले.

तिकडे ताईंच्या प्रयोगाचा शेवटचा टप्पा आला होता. आळशी नावाच्या त्या सरड्याचे बोळे काढायचा दिवस होता. ताईंनीच चिमट्याने नाकपुड्या मोकळ्या केल्या, टाळू साफ केली आणि त्याला रेकॉर्डिंगच्या पेटीत ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग अंड्याचा वास आत सोडला. रेघ थरथरली, आणि लाटा उठल्या. सरड्याने मान उचलली, जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा आली. त्याला अंडं दिलं तर ते त्याने अधाशासारखं गट्ट केलं. ताईंनी टाळ्याच वाजवल्या.

"कसा शहाण्यासारखा वागायला लागला बघा, मॅडम! इतके दिवस मला वाटत होतं, याचं डोकंच फिरलंय."

मॅडम हसल्या. नोंदी तपासता तपासता म्हणाल्या, "माणसांचंही असंच होतं. वास गेला की जेवणाची गोडी जाते, माणूस अंगातल्या अंगात मिटत जातो. घरच्यांना वाटतं म्हातारपणाने भ्रमिष्ट झालाय. आणि पुष्कळदा त्या माणसालाही नीट सांगता येत नाही. चव गेली, एवढंच म्हणतो."

ताईंचा हात पेटीच्या झाकणावर होता, तो तिथेच राहिला. "कशाने जातो वास?"

"सर्दीपडशाने जातो, काही आजारांत जातो. डोक्याला मार लागून तर नक्कीच."

"कुठे लागला तर?"

"मागच्या बाजूला. मेंदू हिसका बसून पुढे सरकतो आणि नाकातून वर गेलेले ते बारीक तंतू तटातट तुटतात. का हो? काय झालं?"

ताईंनी झाकण लावलं, हातमोजे काढले, अर्धा दिवस रजा मागितली, आणि तडक बस पकडून आमच्याकडे आल्या. मी दार उघडलं तर चप्पल न काढताच आत शिरल्या. बाबा गॅलरीत बसले होते. ताई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"बाबा, तुम्हाला वास येत नाही ना?"

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही, नवलाने नाही. "आता लक्षात आलं होय," म्हणाले.

"कधीपासून?"

"पडलो तेव्हापासून. दवाखान्यातच कळलं. फिनेल मारून पुसून गेले, फरशी ओली दिसली, वास नाही. मला वाटलं, येईल चार दिवसांनी."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो." बाबांनी कठड्याला हात धरला. "आधी भीती वाटली, तू माझं काम बंद करशील. वास नाही, तर लाकूड हातात धरलं तरी ते कुठलं हे कळेना, आणि सुताराने कुणाला सांगायचं हे? मग तू त्या रात्री जेवताना सरड्यांचं सांगायला लागलीस. म्हटलं, चला, हिला यातलं माहिती आहे, हिलाच विचारू. तर तू म्हणालीस, माणसाची तुटली की तुटली." त्यांनी कठड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. "तूच म्हणालीस म्हटल्यावर मग कशाला आणखी कुणाला विचारायचं?"

ताई नुसत्या रडल्या. मी आत जाऊन चहा टाकला आणि बराच वेळ तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाबांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वेगवेगळ्या बाटल्या बाबांच्या नाकाखाली धरल्या. बाबा प्रत्येक वेळी मान हलवत गेले. शेवटच्या बाटलीला म्हणाले, "झोंबतंय थोडं, पण काय आहे ते नाही कळत." डॉक्टर म्हणाले, माणसाचे हे तंतू कधीच वाढत नाहीत असं नाही. काहींचे वाढतात, थोडेफार. पहिल्या काही महिन्यांत रोज ठरावीक वास हुंगायचा सराव करून घेतात, त्याचा उपयोग होतो कधी कधी. आता पुष्कळ उशीर झालाय. तरी करून बघा.

"तेव्हा आणलं असतं तर वास परत आला असता?" ताईंनी विचारलं.

"सांगता येत नाही. कदाचित."

ताई बाबांना परत आपल्या घरी घेऊन गेल्या. आल्या आल्या त्या तरुण सुताराकडे गेल्या आणि यंत्रं परत मागितली. तो बिचारा द्यायला तयार होता, पण बाबांनीच अडवलं. "त्याचं बस्तान बसलंय त्यावर. आता त्याच्या पोटावर पाय द्यायचा का? आणि मी तरी काय करणार आहे त्या यंत्रांचं?" मग त्या तरुणाने आपण होऊन रंधा आणि दोन पटाशा आणून दिल्या. बाबांनी त्या कपाटात ठेवल्या. वापरल्याचं मी तरी पाहिलं नाही.

रोज सकाळी लिंबाचं साल, लवंग, कॉफीची पूड असं एकेक नाकाशी धरून बाबा सराव करायचे. ताई समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायच्या. "काही?" "नाही." सहा महिन्यांनी बाबाच म्हणाले, "पोरी, पुरे आता. माझ्यापेक्षा तुझे हाल होतात यात."

स्वयंपाक मात्र ताईंनी पार बदलला. कुरकुरीत, आंबट, झणझणीत, ऊन ऊन, असं जिभेला आणि दातांना कळेल तेच करायचं. वाढताना त्या वासही सांगायच्या. "लसूण नुकताच लाल झालाय. वर लिंबू आहे. पावाची कड जरा करपलीय, तिचा वास वेगळाच येतोय." बाबा ऐकायचे, खायचे, आणि म्हणायचे, "वाढ आता, कादंबरी नको सांगूस." त्यांचं वजन थोडं भरलं. गप्पा मारायला लागले. पण जेवणाच्या वेळेआधी स्वयंपाकघरात डोकावणारा माणूस परत आला नाही.

एकदा त्यांनीच हट्ट धरला, मला तुझे सरडे बघायचेत. मॅडमनी परवानगी दिली. नवा प्रयोग चालू होता आणि एका सरड्याच्या नाकात बोळे होते. बाबांनी पडद्यावरची ती मरगळलेली रेघ खुर्ची ओढून जवळून बघितली.

"हाच का तो बसून राहणारा?"

"तो वेगळा होता. हा दुसरा."

बाबा काचेपाशी वाकले. सरडा दिव्याखाली डोळे अर्धवट मिटून पडला होता. "याचे बोळे कधी काढणार?"

"परवा, बाबा."

"परवा विसरू नकोस."

"नाही विसरणार."

"याचं बरं आहे," बाबा म्हणाले आणि काचेवर बोट टेकवून उभे राहिले. मॅडम दुसरीकडे बघायला लागल्या. ताई बाबांचा दंड धरून त्यांना बाहेर घेऊन आल्या.

बाबा त्यानंतर दोन हिवाळे काढून गेले. हृदय थकलं होतं. फार त्रास झाला नाही, शेवटी आम्ही सगळे जवळ होतो. जाण्याआधी त्यांनी ताईंना कधी बोल लावला नाही. उलट शेजाऱ्यांना सांगायचे, माझ्या मुलीने ओळखलं, डॉक्टरांना नाही ओळखता आलं. ताई ते ऐकून तिथून उठून जायच्या.

ताई अजून त्याच प्रयोगशाळेत आहेत. मध्यंतरी मी चार दिवस त्यांच्याकडे राहायला गेले होते. दुपारी भाजी निवडत बसलो होतो. त्या मधेच म्हणाल्या, "त्या रात्री त्यांनी मला तीन-चार प्रश्न विचारले गं. एरवी माझ्या सरड्यांबद्दल कधी एक प्रश्न विचारायचे नाहीत. मला कौतुक वाटलं, बाबा रस घेतायत म्हणून."

"तुम्हाला कुठून कळणार, ताई?"

"माझंच काम होतं ते. सरड्यांच्या बाबतीत तेच तर करत होते मी दिवसभर."

ताईंनी निवडलेल्या शेंगा पाण्यात टाकल्या आणि हात पुसले.

"पहिल्याच महिन्यात नेलं असतं तर आला असता का गं वास?"

"डॉक्टर म्हणाले ना, सांगता येत नाही."

"हो," ताई म्हणाल्या. "नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं."

मग त्या उठल्या. सुट्टीचा दिवस असला तरी संस्थेत जाऊन सरड्यांना खाऊ घालायची वेळ झाली होती.